मंथरेला नेमकं काय हवं होतं?

आपल्याकडं बाईला द्यायच्या शिव्यांमध्ये एक शिवी थेट रामायणातून आलेली आहे. मंथरा! दोन जावांचं बिनसलं, की घरातली तिसरी कुणीतरी मंथरा ठरते. लेकानं वेगळी चूल मांडली, की सुनेची आई मंथरा ठरते. आमच्या राणीसावरगावात नळावर, पिठाच्या गिरणीत, लग्नाच्या पंगतीत हा शब्द किती सहज येतो म्हणून सांगू! 'ती ना, नुसती मंथरा हाय' एवढं म्हटलं, की पुढचं काही सांगावंच लागत नाही. ऐकणारीला सगळं समजतं आणि ज्या बाईबद्दल बोलणं चाललंय तिचा निकाल तिथल्या तिथं लागतो.

शब्दांकडं जरा नीट बघा. कळलावी, आगलावी, कानभरवी. सगळे बाईसाठी. पुरुषानं हेच उद्योग केले तर त्याला आपण 'कळीचा नारद' म्हणतो आणि म्हणताना हसतो. नारदाच्या हातात वीणा असते, तो देवांच्या सभेत बसतो. मंथरेच्या पाठीवर मात्र कुबड.

मैत्रिणींनो, तुम्ही कधी विचार केलाय का, की एवढं सगळं रामायण घडवून मंथरेला स्वतःला काय मिळणार होतं? गादीवर बसणार होता भरत. राजमाता होणार होती कैकेयी. मंथरा काल दासी होती, उद्याही दासीच राहणार होती. मग तिनं हा उपद्व्याप केला तरी कशासाठी?

टीव्हीवरच्या मालिकांनी आपल्याला हा प्रश्न विचारायची सवयच ठेवली नाही. २००१ साली 'कसौटी जिंदगी की' सुरू झाली आणि त्यातली कोमोलिका घराघरात पोचली. मोठ्ठी टिकली, तिरकी नजर आणि ती पडद्यावर आली की वाजणारं खास संगीत. तेव्हापासून प्रत्येक मालिकेत एक कारस्थानी बाई लागतेच. ती दुधात काहीतरी कालवते, कागदपत्रं पळवते, फोन चोरून ऐकते. पण हे सगळं ती का करते? बहुतेक वेळा उत्तर एकच, ती वाईट आहे म्हणून! आपण जेवणाची ताटं घेऊन बघत बसतो, तिला दोन शिव्या घालतो आणि झोपी जातो.

खरी मंथरा आमच्या पिढीनं पाहिली ती १९८७ साली, रामानंद सागरांच्या 'रामायण' मालिकेत. रविवारी सकाळी ज्याच्या घरी टीव्ही असेल त्याच्या ओसरीवर अख्खी गल्ली जमायची. मंथरेचं काम केलं होतं आपल्या येवल्याच्या ललिता पवारांनी. त्यांचा तो बारीक झालेला डावा डोळा पाहूनच अंगावर काटा यायचा. पण त्या डोळ्यामागची गोष्ट किती जणींना माहीत आहे? ललिताबाई तरुणपणी नायिकेची कामं करायच्या. १९४२ साली 'जंग-ए-आझादी' या चित्रपटाच्या चित्रीकरणात भगवानदादांनी त्यांना थप्पड मारायची होती. ती चुकून फार जोरात बसली. चेहऱ्याला पक्षाघात झाला, डाव्या डोळ्याला कायमची इजा झाली. काही वर्षं उपचारांत गेली आणि नायिकेची कामं संपली. मग वाट्याला आल्या त्या खाष्ट सासवा आणि कजाग बायका. त्याच ललिताबाईंनी १९५९ च्या 'अनाडी'मध्ये मायाळू मिसेस डिसा अशी रंगवली, की त्या भूमिकेला फिल्मफेअर पारितोषिक मिळालं. म्हणजे बाई तीच आणि डोळाही तोच. भूमिका कोणती देता, त्यावर लोकांना ती कशी दिसणार ते ठरलं. १९९८ साली त्या गेल्या, तरी सासू खाष्ट असली की अजून आपण 'ललिता पवार' म्हणतो.

आता मूळ मंथरेकडं वळू. वाल्मीकींच्या अयोध्याकांडात ती येते ती कैकेयीच्या माहेरची दासी म्हणून. तिच्या आईबापाचं नाव नाही, गावाचं नाही. कैकेयी केकय देशाची, म्हणजे पार पंजाबकडच्या मुलखातली. एवढ्या लांब लेक द्यायची तर सोबत माहेरचं माणूस पाहिजेच. आपल्याकडंही नव्या नवरीबरोबर पाठराखीण जायची. नवरी रुळली की पाठराखीण दोन-चार दिवसांत परत यायची. मंथरा मात्र परत गेलीच नाही. तिचा सगळा जन्म दुसऱ्याच्या सासरी गेला. तिथं तिचं आपलं असं एकच माणूस, कैकेयी.

एके दिवशी ती महालाच्या गच्चीवर जाते. खाली बघते तर रस्ते सडा घालून सजवलेले, पताका लागलेल्या, लोक नटूनथटून निघालेले. शेजारी उभ्या असलेल्या एका दाईला विचारते, काय गं, आज काय विशेष? दाई म्हणते, उद्या रामाला यौवराज्याभिषेक! लक्षात घ्या, राजाच्या लाडक्या राणीच्या महालात ही बातमी अजून पोचलेलीच नाही. ती पोचवते एक दासी, तीसुद्धा दुसऱ्या दासीकडून ऐकून.

मंथरा धावत कैकेयीकडं जाते. कैकेयीला आधी आनंदच होतो. मला राम आणि भरत सारखेच, असं म्हणून ती बातमी आणल्याबद्दल मंथरेला दागिना देते. मंथरा तो भिरकावून देते. विचार करा, दागिन्याची हाव असती तर तो तिनं मुकाट्यानं कनवटीला लावला असता. तिला काहीतरी वेगळं दिसत होतं. ती कैकेयीला जे सांगते त्यात दोन वाक्यं फार महत्त्वाची आहेत. एकाचा भावार्थ असा, की तुझं दुःख ते माझं दुःख आणि तुझ्या भरभराटीतच माझी भरभराट. आणि दुसऱ्याचा असा, की उद्या कौसल्या राजमाता झाली म्हणजे तू तिची दासी होशील, आणि आम्हीही तुझ्याबरोबर.

'आम्हीही तुझ्याबरोबर'! माझ्या मते मंथरेचा सगळा स्वार्थ या शब्दांत आहे. कैकेयीनं लाडकी राणी म्हणून मिरवताना कौसल्येचा मान ठेवला नव्हता, हेही मंथरा तिला आठवून देते. राणीचा तोरा असतो तेव्हा राणीच्या दासीचाही असतो. आता ती सत्ता कौसल्येकडं गेली, तर उट्टं काढलं जाणार. आणि दासीवर निघणारं उट्टं कसं असतं हे दासीपेक्षा जास्त कोण जाणणार?

बरं, तिचा संशय अगदीच बिनबुडाचा होता का? वाल्मीकींनी हे झाकून ठेवलेलं नाही. अभिषेक ठरला तेव्हा भरत आजोळी होता. दशरथ स्वतः रामाला सांगतो, की भरत गावात नाही तोवरच अभिषेक उरकलेला बरा. केकय राजाला, म्हणजे भरताच्या आजोबांना, बोलावणंही गेलं नाही. पुढं चित्रकूटावर खुद्द रामच भरताला सांगतो, की बाबांनी तुझ्या आईशी लग्न करताना तुझ्या आजोबांना राज्याचा शब्द दिला होता. म्हणजे घरात काहीतरी लपवाछपवी चालली होती, हे मंथरेनं बरोबर हेरलं होतं. शहाणी बाई होती ती. कैकेयीनं रणात दशरथाचा जीव वाचवला, त्यानं दोन वर दिले, हे कैकेयी विसरली होती. मंथरेनं लक्षात ठेवलं होतं.

मग ती चुकली कुठं? माझ्या मते ती चुकली मागण्यात. भरताला गादी द्या, हा पहिला वर एकवेळ समजून घेता येतो. शब्द दिला होता, तो पाळा, असं चारचौघांत म्हणता आलं असतं. पण दुसरा वर? रामाला चौदा वर्षं वनवास! ज्या पोरानं कुणाचं काही बिघडवलं नाही, त्याला घराबाहेर काढायचं. आणि चौदाच वर्षं का? तर तेवढ्या काळात भरताचं बस्तान पक्कं बसेल, असं मंथराच कैकेयीला सांगते. पहिल्या वरामागं भीती होती, दुसऱ्यामागं थंड डोक्याचा हिशेब. आपलं वाचवण्यापलीकडं जाऊन दुसऱ्याचं उपटायला निघालं, की भीतीचं कारस्थान होतं.

आणि शेवटी तिला मिळालं काय? कैकेयीनं आधी भिरकावलेल्या दागिन्यापेक्षा मोठं बक्षीस कबूल केलं. भरत परत आला तेव्हा मंथरा दागिन्यांनी मढून दारात उभी होती. द्वारपालानं तिला धरलं आणि शत्रुघ्नाच्या हवाली केलं. त्यानं तिला फरफटत नेलं, दागिने जमिनीवर विखुरले. भरत मधे पडला म्हणून जीव वाचला. स्त्रीला मारलं तर राम आपल्याशी बोलणार नाही, असं तो म्हणाला. त्यानंतर मंथरा गोष्टीतून जणू निघूनच जाते.

पुढच्या काळातल्या रामकथांना मात्र ही मंथरा पचली नाही. एक दासी स्वतःच्या डोक्यानं एवढं करते हे कसं मानायचं? म्हणून अध्यात्मरामायणात आणि तुलसीदासांच्या रामचरितमानसात देवांनी सरस्वतीला पाठवून तिची बुद्धी फिरवली, असं येतं. यात मंथरेचा दोष हलका होतो खरा, पण तिची भीतीही पुसली जाते. एका बाजूला देवांनी घडवलं, दुसऱ्या बाजूला ती दुष्टच होती. मधली घाबरलेली बाई कुणालाच दिसत नाही.

हे फक्त पुराणात घडतं असं नाही. आपल्या मराठी इतिहासातही एक मंथरा आहे, आनंदीबाई पेशवे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांचा खून केला. गारद्यांना दिलेल्या हुकमात 'धरावे' असं होतं, आनंदीबाईंनी 'ध'चा 'मा' करून 'मारावे' केलं, ही गोष्ट आपण शाळेपासून ऐकतो. तिची म्हणही झाली. १९०९ साली आलेल्या खाडिलकरांच्या 'भाऊबंदकी' नाटकानं तर आनंदीबाई मराठी मनात कायमची बसवली. पण ते अक्षर आनंदीबाईंनीच बदललं का, याबद्दल इतिहासकारांचं एकमत नाही. रामशास्त्री प्रभुण्यांनी देहान्त प्रायश्चित्त सांगितलं ते रघुनाथरावांना. पेशवाईची हाव रघुनाथरावांना होती, गारदी रघुनाथरावांच्या बाजूचे होते, पुढं १७७५ साली सुरतेला इंग्रजांशी तह केला तोही रघुनाथरावांनीच. पण म्हणीत कोण राहिलं? आनंदीबाई! नवऱ्याला पेशवाई मिळावी अशी तिची महत्त्वाकांक्षा नसेलच असं मी म्हणत नाही. असेलही. पण त्या काळी बाईला स्वतःला काही होता येत नव्हतं. नवरा किंवा मुलगा काही झाला तरच ती काही होणार. महत्त्वाकांक्षा दुसऱ्याच्या अंगात घालूनच तिला जगावी लागायची.

आता आपल्या गावाकडची गोष्ट सांगते. बचत गटाच्या कामामुळं घराघरातली भांडणं माझ्यापर्यंत येतात. आमच्याच भागातल्या एका वाडीवरचं हे घर. म्हातारा, त्याचे दोन लेक, दोन सुना, आणि म्हाताऱ्याची विधवा बहीण, जिला सगळे आत्या म्हणतात. धाकटा लेक दरवर्षी दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचा. बायकोला लहान लेकरू म्हणून त्या साली ती घरीच राहिली होती. तो तिकडं असताना इकडं थोरल्यानं म्हाताऱ्याला राजी केलं आणि वाटणीची तयारी सुरू झाली. विहिरीकडचं रान थोरल्याला, माळाचं धाकट्याला. आत्यानं हे भिंतीआडून ऐकलं आणि रातोरात धाकट्या सुनेच्या कानावर घातलं. नुसतं तेवढ्यावर थांबली नाही. थोरली तुमच्यावर करणी करती, तुझ्या लेकराच्या जिवावर उठली, असंही सांगितलं. मग काय! सकाळी दोघी जावा अंगणात एकमेकींच्या झिंज्या धरून. माणसं जमली. आणि सगळ्यांचं बोट आत्याकडं. मंथरा! काढा हिला बाहेर!

आम्ही दोघी-तिघी गेलो. आत्या गोठ्याजवळ बसली होती. मी विचारलं, आत्या, का केलंत असं? बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "माय, धाकटीच माझ्या ताटात भाकर टाकती. तिचंच माळावर गेलं तर ती मला कुठून घालील? थोरली तर माझं तोंड बी बघत न्हाई." मग बोलता बोलता कळलं, की वडील वारले तेव्हा भावानं तिला तलाठ्याकडं नेऊन हक्कसोडपत्रावर अंगठा घेतला होता. साडीचोळी केली होती. तिनंही हसत अंगठा दिला होता. भाऊ आहे ना, असं म्हणून. पुढं नवरा गेला, सासरच्यांनी दार लावलं आणि ती भावाकडं आली. ज्या घरातला हक्क सोडला त्याच घरात आश्रित म्हणून.

मला तेव्हा 'आम्हीही तुझ्याबरोबर'चा अर्थ समोर बसलेला दिसला. जिच्या नावावर ना गुंठा, ना घर, ना चार चौघांत बोलायचा अधिकार, तिच्या हातात उरतं काय? दुसरीचा कान! त्या कानातूनच तिला तिची भाकर मिळवायची असते. कान भरणं वाईटच. करणीचं खोटं सांगणं तर फारच वाईट, त्यानं एखादीचा जीव जाऊ शकतो. हे आम्ही आत्याला तोंडावर सांगितलं. पण भिंतीआडची वाटणी कुणी चालवली होती? परगावी असलेल्या भावाच्या माघारी कागद कुणी करायला घेतले होते? त्या माणसांना मंथरा कुणी म्हणालं नाही.

धाकटा ऊसतोडीहून येईपर्यंत वाटणी थांबवायला लावली. तो आल्यावर सगळ्यांसमोर बसून विहिरीत दोघांचा हिस्सा ठरला. आणि आत्याच्या हयातीपर्यंत दोघा भावांनी दरसाल ज्वारी आणि कपडालत्ता द्यायचा, हे कागदावर लिहून घेतलं. सगळं गोड झालं असं नाही. थोरली सून आजही आत्याशी बोलत नाही. पण आत्या आता इकडचं तिकडं करत नाही. गरजच उरली नाही तिला.

आपला तालुका गंगाखेड. गंगाखेड म्हणजे संत जनाबाईंचं गाव. जनाबाईही दासीच. लहानपणी पंढरपुरात नामदेवांच्या घरी आल्या आणि जन्मभर तिथंच राबल्या. दळण, कांडण, शेणगोठा. मंथरा आणि जनाबाई, दोघी दुसऱ्याच्या घरी राहिलेल्या. पण जनाबाईंना आपलं दुःख सांगायला विठ्ठल होता. त्यांच्या अभंगांत तो जात्याला हात लावतो, शेण्या वेचतो. आणि त्या घरानं, त्या संतमेळ्यानं त्यांचे अभंग ऐकले, टिकवले, म्हणून दासीचं नाव आज आपण संत म्हणून घेतो. मंथरेचं असं उघडपणे ऐकणारं अयोध्येत कोण होतं? एकाच दासीपणातून दोन वाटा निघाल्या. स्वभावाचा भाग असेलच, पण ऐकून घेणाऱ्यांचाही असतो ना?

म्हणून मला वाटतं, मंथरा कमी करायच्या असतील तर बायकांना उघड बोलायची जागा करून दिली पाहिजे. महाराष्ट्रात १९९४ पासून आणि देशभर २००५ पासून मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क आहे. हक्कसोडपत्रावर सही करण्यापूर्वी लेकींनो, दोनदा विचार करा. भावाला द्यायचंच असेल तर खुशाल द्या, पण समजून द्या, साडीचोळीवर भुलून नको. २०११ पासून आपल्या ग्रामपंचायतीत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. महिला ग्रामसभा असते, बचत गटाची बैठक असते. तिथं बोला. सगळ्यांदेखत बोललेल्या गोष्टीला कारस्थान म्हणत नाहीत.

आणि कैकेयी होण्याची पाळी तर आपल्या प्रत्येकीवर येते. कुणीतरी हळूच येऊन सांगतं, अगं, तुला माहितीय का? तेव्हा सांगणारीला लगेच हाकलू नका, लगेच पेटूनही उठू नका. आधी बघा, बातमी खरी आहे का. मग बघा, या सांगण्यामागं सांगणारीला भीती कशाची आहे. आणि काही मागायला उठायचंच असेल, तर स्वतःला विचारा, की मी माझा वाटा मागतेय की दुसऱ्याचा वनवास? वाटा असेल तर दार उघडं ठेवून, सगळ्यांना बोलावून मागा. वनवास असेल, तर तो दागिना परत घ्या, मंथरेच्या हातात पुन्हा ठेवा आणि तिला जवळ बसवून विचारा, बाई, जेवलीस का?